जुना पार्ट जमा केल्याशिवाय

जेल रोड, नाशिकरोड
६ जानेवारी २०२५

चि. मोहिनी,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुला ते हवेत की नकोत, हे विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. तीन महिने मी समजत होतो की तुझ्या पुण्याच्या खोलीत रेंज नसेल. शेवटी तुझ्या आईला दया आली. म्हणाली, "अवो, कितीबी लावा, लागायचा नाय. तिनं तुमच्यापुरता बंद केलाय फोन." एका माणसापुरता फोन बंद करता येतो, हे ज्ञान मला त्रेसष्टाव्या वर्षी मिळालं, तेही पोटच्या पोरीकडून. पोस्टमनला मात्र अजून ब्लॉक करता येत नाही. म्हणून हे पत्र.

काल तू आईशी बोललीस ते मी ऐकलं. चोरून नाही. ती फोन स्पीकरवर ठेवून ओट्यापाशी भाकरी थापत होती आणि मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो. तुला पुण्यातल्या एका ॲनिमेशन स्टुडिओत घेणार आहेत. पण ते काम तू स्वतः केलं आहेस याची त्यांना खात्री हवी आहे, आणि त्यासाठी तुझ्या फिल्मच्या मूळ फायली बघायच्या आहेत. त्या फायली इथल्या तुझ्या कॉम्प्युटरच्या हार्डडिस्कमध्ये आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत. एकतीस जानेवारीच्या आत डिस्क मिळाली तर नोकरी तुला, नाहीतर दुसऱ्या कुणाला. एवढं सांगून तू आईला म्हणालीस, "त्यांना सांग पाठवायला." बाबांना नाही. त्यांना.

पाठवतो. पंचवीस दिवस आहेत. मशीन तुझ्या खोलीत तसंच आहे, वर कापड घातलं आहे.

पण मागायची एक रीत असते, मोहिनी. एकतीस वर्षं मी एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनात स्टोअर सांभाळलं. काय हवं, कशासाठी हवं, हे कागदावर लिहून सही करून आणल्याशिवाय मी साहेबाच्या माणसालाही साधा वॉशर दिला नाही. त्या कागदाला इंडेंट म्हणतात. आणि जुना पार्ट जमा केल्याशिवाय नवा कुणाला दिला नाही. लोक मला मागे शिव्या द्यायचे, ते मला माहीत होतं. पण माझ्या काळात स्टोअरमधली एक वस्तू कमी भरली नाही.

तू सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटली आहेस की एका ग्राफिक्स कार्डापायी बापाने माझी फिल्म बुडवली. देवळाली कॅम्पच्या किशोरमामाने मला भर लग्नात हटकलं, "काय दाजी, एक कार्ड घेऊन दिलं नाही पोरीला?" चारचौघांत. तेव्हा माझी बाजूही एकदा ऐकून घे.

गेल्या जूनमध्ये तू म्हणालीस, "बाबा, ग्राफिक्स कार्ड बदलायला हवं." मी विचारलं, "बंद पडलं का?" तू म्हणालीस, "नाही." मी विचारलं, "मग?" आपलं सगळं भांडण एवढंच आहे. बाकीचं नंतर लोकांनी लावलेलं तिखटमीठ.

बंद न पडलेली वस्तू का बदलायची, याचं उत्तर तू मला आजवर दिलेलं नाहीस. रागावलीस, दार आपटलंस, जेवली नाहीस. उत्तर दिलं नाहीस.

आई बरी आहे.

तुझा बाप,
पुंजाराम


जेल रोड, नाशिकरोड
१४ जानेवारी २०२५

चि. मोहिनी,

सोबत तिळाच्या वड्या आहेत. आईने केल्या आहेत, मी फक्त डबा बांधला. त्यामुळे खायला हरकत नाही.

तू आईला म्हणालीस, "मी उत्तर दिलं होतं, त्यांनी ऐकलं नाही." बरोबर आहे. तू मला एक हिशेब दाखवला होतास. तीन मिनिटांची फिल्म, सेकंदाला चोवीस चित्रं, म्हणजे चार हजार तीनशे वीस चित्रं. जुन्या कार्डावर एक चित्र तयार व्हायला चाळीस मिनिटं. मी तो कागद घेतला, गुणाकार केला, आणि एकशे वीस दिवस आले. तुझी फिल्म महोत्सवाला पाठवायची शेवटची तारीख तीस सप्टेंबर. तो जूनचा पहिला आठवडा. मी म्हणालो, "बसतंय की! दोन-चार दिवस इकडेतिकडे." तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी तुझ्या ताटात थुंकलो.

मग म्हणालीस, "बाबा, मशीन एकशे वीस दिवस चित्रं काढत बसलं, तर मी काम कशावर करू? आणि एकदा चुकलं, पुन्हा काढावं लागलं तर?" यावर मी म्हणालो, चुकायचंच कशाला? स्टोअरमध्ये मी असंच म्हणायचो. तिथे ते चालायचं.

तरी मी दुर्लक्ष केलं असं म्हणू नकोस. तू मला दाखवलंस की स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्डाचं तापमान दिसतं. त्या दिवसापासून मी सकाळ-संध्याकाळ तुझ्या खोलीत येऊन ते वहीत लिहून घ्यायचो. एकाहत्तर. चौऱ्याहत्तर. पावसाळ्यात एकोणसत्तर. जुलैअखेरीला एकदा एक्याऐंशी झालं, तेव्हा मी स्वतः टेबलफॅन आणून बाजूला लावला. कार्ड नव्वदपर्यंत सहन करतं असं तूच सांगितलं होतंस. मग ऐंशीला बदलायचं कशाला? प्लँटमध्ये असंच चालतं. चालत्या मशीनला हात लावत नाहीत. त्याच्या तब्येतीकडे लक्ष ठेवतात आणि ठरलेल्या वेळी बंद करून एकदाच सगळं खोलतात.

तू म्हणायचीस तापमानाचा प्रश्नच नाही. "कार्डाची मेमरी चार जीबीची आहे, माझा मोठा सीन तिच्यात मावतच नाही, मध्येच बंद पडतो." मी म्हणायचो सीन लहान कर. तुझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. मला खरंच वाटायचं की हा साधा उपाय आहे.

आणि कामाच्या नावाखाली तू मला काय काय विचारायचीस तेही आठव. "बाबा, तुमच्या स्टोअरमध्ये रॅक किती होते?" "बिन कार्डाचा रंग कसा होता, पिवळा की खाकी?" प्रत्येक वस्तूच्या खणाला एक कार्ड बांधलेलं असायचं, किती आली किती गेली ते लिहायला, ते बिन कार्ड. तुला त्याचं काय? एकदा मी जेवत असताना विचारलंस, "काउंटरची खिडकी आत गेल्यावर डावीकडे होती की उजवीकडे?" मी म्हणालो, "आता रिटायर झालो, पुरे कर टिंगल." एवढं वय झालेल्या माणसाची नक्कल चाललेली मला कळत नाही असं समजू नकोस.

डिस्कचं म्हणशील तर कुरिअरवाले पार्सल कसे फेकतात ते तुला माहीत आहे. नीट पॅकिंग करायला हवं. थर्माकोल बघतोय. शनिवारी स्वतः घ्यायला येते असं तू म्हणालीस म्हणे. येऊ नकोस. सिन्नरच्या पुढे रस्ता खोदून ठेवला आहे, एसटीला सात-सात तास लागतात. मी पाठवतो म्हटलं ना!

तुझा बाप


जेल रोड, नाशिकरोड
२१ जानेवारी २०२५

मोहिनी,

तुझ्या आईच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी बजावून ठेवलं होतं, पोरगी येईल तेव्हा बघेल, तोवर बोलू नकोस. सव्वातीन महिने तिने दम धरला आणि परवा बोलता बोलता सांगून टाकलं, "तुझ्या बाबांनी मशीन नवं केलंय गं, दसऱ्याला."

तू रडलीस म्हणे. मग विचारलंस, जुनं कुठे आहे.

होय. नवं केलं. पहिल्या पत्रात मशीन तसंच आहे असं लिहिलं ते बरोबर नव्हतं. डिस्क मी आधीच काढून कपाटात ठेवली आहे. काळजी करू नकोस.

आता विषय निघालाच आहे तर दुसरंही सांगतो. मागाहून आईकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. नवं कार्ड मी दसऱ्याला घेतलं नाही. ते ऑगस्टमध्येच घेतलं होतं. नऊ ऑगस्ट, नागपंचमी. बारा जीबीचं, तू मोबाइलवर दाखवलं होतंस तेच, नाव कागदावर उतरवून नेलं होतं. तुझ्या खोलीतल्या दिवाणात, गाद्यांच्या खाली, ते खोकं ठेवलं होतं. तू ज्या दिवाणावर झोपायचीस त्याच.

एकदा गाद्या उन्हात घालताना आईच्या हाताला लागलं. "हे खोकं कशाचं वो?" मी सांगितलं मीटरचं आहे, हात लावू नको.

तुला वाटेल बाप राक्षस आहे. तुला स्टोअरमधलं कळत नाही म्हणून सांगतो. चालू पार्ट बंद पडला तर दुसरा हाताशी असावा म्हणून स्पेअर आणून ठेवतात. तो फडताळात असला की झोप लागते. पण पहिला चालतोय तोवर स्पेअर कुणी काढत नाही. काढला तर मग स्पेअर कुठे उरला? मी त्याच हिशेबाने आणलं. जुनं कार्ड ज्या मिनिटाला बंद पडेल त्या मिनिटाला नवं तुझ्या हातात ठेवायचं, असं माझ्या मनात होतं. तुझा चेहरा कसा होईल तेही मी मनात बघून ठेवलं होतं.

हे लिहिलं आणि वाचून पाहिलं. निम्मं खरं आहे.

उरलेलं असं, की खोकं आणल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपलं पुन्हा वाजलं. तेव्हा तू म्हणालीस, "तुम्हाला फक्त वस्तू सांभाळता येतात. वापरायच्या असतात हे तुम्हाला माहीतच नाही." मी त्या दिवशी संध्याकाळी तुला ते देणारच होतो, खरं सांगतो. ते वाक्य ऐकलं आणि म्हटलं, आता ही पोरगी एकदा नीट येऊन मागेल, चुकले म्हणेल, तेव्हाच देईन. आणि तू मागणंच सोडलंस. ऑगस्ट गेला, गणपती बसले, उठले, तू माझ्याशी कार्डाबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. रोज सकाळी मी तापमान लिहायला यायचो, तू खुर्चीवरून उठून बाहेर जायचीस. तुझ्या बुडाखाली खोकं आणि आपल्या दोघांच्या तोंडाला कुलूप.

एकोणतीस सप्टेंबरला तुझं मशीन मोठ्या सीनवर अडकलं ते अडकलंच. तीस तारीख गेली. दोन ऑक्टोबरला तू मला म्हणालीस, "माझी दोन वर्षं गेली." आणि मी म्हणालो, "काय कामाचं आहे ते सगळं?" तू एक बॅग भरलीस.

मी काय म्हणालो ते मला आठवतं. तू सगळ्यांना सांगतेस त्याआधीपासून आठवतं.

डिस्क या आठवड्यात निघेल.

पुंजाराम


नाशिकरोड
२८ जानेवारी २०२५
स्पीड पोस्टाने

मोहिनी,

डिस्क कपाटात नाही. मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं. त्याच्या आधीच्या पत्रांतही थर्माकोल, रस्ता, कुरिअर, सगळं खोटं होतं. रस्ता बरा आहे. मी दोनदा गेलो.

काय झालं ते ओळीने लिहितो.

खंडेनवमीला प्लँटमध्ये आम्ही हत्यारांची पूजा करायचो. घरी आता हत्यार म्हणावं असं तुझं मशीनच होतं. तू जाऊन नऊ दिवस झाले होते. मी ते पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि म्हटलं, नवं कार्ड आज बसवून टाकू. चिडून गेली असली तरी दिवाळीला येईल, बसलेलं बघेल. झाकण काढलं तर मला काही कळेना. दुसऱ्या दिवशी दसरा. मशीन रिक्षात घालून नाशिकरोडला राजच्या दुकानात नेलं. राज म्हणजे ज्याच्याकडून कार्ड घेतलं तो. त्याने बघितलं आणि म्हणाला, "काका, हा पॉवर सप्लाय ह्या कार्डाला पुरायचा नाय. बोर्ड पण जुना हाय. एवढं बदलण्यापेक्षा हे जमा करा, दुसरं मशीन देतो जोडून, कार्ड तुमचंच बसवतो त्यात."

जमा करा. तो शब्द ऐकून मला बरं वाटलं. जुनं जमा, मग नवं. आयुष्यभर हेच केलं. अपुरा पार्ट परत आणला, एक नट जरी कमी असला, तरी मी माणसाला माघारी पाठवायचो. आणायचा तर अख्खा आणा.

राजने मला विचारलं होतं. हे तुला कळायला हवं. त्याची काही चूक नाही. त्याने हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन विचारलं, "काका, डिस्क काढून देऊ का? पोरीचं काय काय असंल तिच्यात."

त्या वेळी मी सकाळपासून तुला चौदा फोन केले होते. दसऱ्याचा दिवस होता. मी म्हणालो, "राहू दे. काही कामाचं नाही त्यात."

अख्खा पार्ट जमा करायचा नियम वगैरे मी नंतर स्वतःला सांगितलं. त्या क्षणी नियम माझ्या मनात नव्हता. तू फोन उचलत नव्हतीस आणि तुझी एक वस्तू माझ्या हातात होती. एवढंच होतं.

तुझा निरोप आला तेव्हापासून मी शोधतो आहे. पहिलं पत्र पोस्टात टाकलं आणि तिथूनच राजकडे गेलो. डिस्क त्याने पुसून दुसऱ्या मशीनला जोडली होती आणि ते मशीन सिन्नरला एसटी स्टँडजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या ललित नावाच्या माणसाला विकलं होतं. मी गेलो. त्याच्या दुकानात सातबाऱ्याला आणि दाखल्यांना रांग लागलेली. मी रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आल्यावर त्याने विचारलं, "बाबा, कोणता फॉर्म?" मी म्हणालो, फॉर्म नको, तुमच्या मशीनमधली डिस्क हवी आहे.

माणूस चांगला निघाला. म्हणाला, "लय दिवस झाले बाबा, त्यावर पार खच पडलाय माझ्या कामाचा. पण रविवारी दुकान बंद असतं, रविवारी घेऊन जा, बघा काय निघतंय का." परवाच्या रविवारी मी डिस्क नेली आणि राजने दिवसभर त्याच्याकडचं काहीतरी लावून शोधलं. मी शेजारी स्टुलावर बसून होतो. तीन वाजता स्क्रीनवर एक यादी आली. मी उडालोच. म्हटलं, सापडलं!

राज म्हणाला, "नावं राहिलीत काका. आत काय नाय. रिकामी हायेत."

मी चष्मा लावून ती यादी वाचली. तू नावं इंग्रजी अक्षरांत लिहिली आहेस, पण शब्द आपले आहेत. रॅक एक ते रॅक बावीस. बिनकार्ड खाकी. बिनकार्ड पिवळं. वजनकाटा. भिंतीवरचं घड्याळ, साडेपाच. बाबांची सायकल. बाबांचा चष्मा. बाबा हात, सही करताना. बाबा चालणं, चौथा प्रयत्न. आणि एक होतं, खिडकी, डावी की उजवी.

तू मला कधी सांगितलं नाहीस की फिल्म कशावर आहे. मी कधी विचारलं नाही. दोन वर्षं शेजारच्या खोलीत तू माझं स्टोअर उभं करत होतीस आणि मी रोज दोनदा आत येऊन तापमान लिहून जात होतो. स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा बघायचो. मधलं चित्र मी एकदाही बघितलं नाही. आता कितीही आठवायचा प्रयत्न करतो, पण त्या कोपऱ्याशिवाय काही डोळ्यासमोर येत नाही.

यादीचा कागद सोबत आहे. राजने छापून दिला. स्टुडिओला तो चालेल का? मी त्यांना पत्र लिहू का, की हे काम माझ्या मुलीचंच आहे, त्या स्टोअरचा स्टोअरकीपर मी होतो आणि सगळी नोंद बरोबर आहे? माझा शिक्का अजून आहे. लिहायला हवं असेल तर आईला सांग. एकतीसच्या आत पोचेल असं पाठवतो.

बाबा


जेल रोड, नाशिकरोड
१० फेब्रुवारी २०२५

मोहिनी,

तुझा निरोप आईमार्फत मिळाला. "आता काही पाठवू नका." तरी हे एक पाठवतो. यानंतर नाही.

जागा दुसऱ्या मुलीला दिली, तेही कळलं. शिक्क्याचं पत्र लिहून मी पाकिटात घालून ठेवलं होतं. ते तसंच टेबलावर आहे. बरं झालं तू मागवलं नाहीस. माझं मलाच वाचून शरम वाटली.

आई तीन तारखेला तुझ्याकडे निघाली. तिला डिस्कचं मी त्याच्या आदल्या दिवशी सांगितलं. इतके दिवस तिला वाटत होतं की डबा बदलला तरी आतलं तेच राहतं. ऐकून घेतलं, ओरडली नाही. भाजी चिरत होती ती चिरून पुरी केली, फोडणी दिली, मला वाढलं. मग म्हणाली, "पोरीनं तुमची मूर्ती घडवली अन् तुम्ही ती भंगारात घातली. आता तुमचं स्टोअर तुम्हीच सांभाळा." ती कधी येणार ते मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

नवं मशीन तुझ्या खोलीत आहे. त्यात ते बारा जीबीचं कार्ड आहे. दसऱ्यापासून त्याने एकही चित्र काढलेलं नाही. मला ते चालू करता येतं, पण चालू करून करायचं काय? परवा कापड काढलं, धूळ पुसली, पुन्हा घातलं. तू म्हणाली होतीस तेच.

आपल्या भांडणातल्या प्रश्नाचं उत्तर मी आता देऊ शकतो. कार्ड कधी बदलायचं होतं? जूनमध्ये. तू पहिल्यांदा दारात उभी राहून म्हणालीस त्या दिवशी. वही उघडायची गरज नव्हती.

स्टोअरमधून दिलेली एखादी वस्तू कुणाच्या हातून नाहीशी झाली तर एक कागद भरावा लागतो, तुटीचा अहवाल. मी एकतीस वर्षांत पुष्कळ भरून घेतले, सगळे दुसऱ्यांकडून. फिटर रडायचे, मुकादम गयावया करायचे, मी म्हणायचो रकाना रिकामा ठेवायचा नाही. माझ्या नावाचा एकही नाही. आज एक भरला. जुन्या वहीत कोरा फॉर्म शिल्लक होता.

वस्तूचं नाव: मोहिनी पुंजाराम हिची फिल्म, दोन वर्षांचं काम.
नग: एक. दुसरा नाही.
कोणाच्या ताब्यात असताना: वडिलांच्या.
तुटीचं कारण: काही कामाचं नाही असं सांगून जमा केली.
भरून येण्यासारखी आहे का: नाही.
जबाबदार: पुंजाराम, स्टोअरकीपर.

खाली सही केली आहे. साहेबाची सही असते त्या जागी कुणाची घ्यायची ते मला कळलं नाही. ती जागा तुझ्यासाठी सोडली आहे. करावीशी वाटली नाही तर करू नकोस.

आणखी एवढंच. रॅक बावीस बरोबर आहेत. बिन कार्डं आधी खाकी होती, अठ्ठ्याण्णव सालानंतर पिवळी आली, त्यामुळे तुझी दोन्ही बरोबर. घड्याळ पाच मिनिटं पुढे असायचं. आणि खिडकी आत शिरल्यावर डाव्या हाताला होती. खालचा भाग हिरवा रंगवलेला, वर जाळी. मी तिच्या आतल्या बाजूला बसायचो.

बाबा